खाडा आणि रजा : एकदम किती दिवस?

पीएच.डी.च्या तयारीत असलेली मुलंमुली मला एक प्रश्न हमखास विचारतात, तोही जरा ओशाळून : सुट्ट्या किती मिळतात? यात ओशाळण्यासारखं काही नाही. यूजीसीच्या जेआरएफच्या नियमांत त्याचं सरळ उत्तर आहे. सार्वजनिक सुट्ट्या सोडून वर्षाला जास्तीत जास्त ३० दिवस. प्राध्यापकांना मिळते ती उन्हाळ्याची मोठी सुट्टी फेलोला नाही. खरा अवघड प्रश्न याच्या पुढचा आहे आणि तो सहसा कुणी विचारत नाही. हे दिवस एकदम घ्यायचे की तोडून तोडून? गाइडसमोर उभं राहून ‘दोन दिवस गावी जाऊन येते’ म्हणणं सोपं असतं. ‘पंधरा दिवस’ म्हणताना घशाला कोरड पडते. दोन-दोन दिवसांच्या सात रजा घेतल्या तर कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि सलग चौदा दिवस मागितले की लगेच ‘कामात लक्ष नाही’ असा अर्थ निघतो. दिवस तेवढेच.

माझा अभ्यास कामगारांच्या रजेच्या इतिहासाचा आहे, त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मी जरा लांबून देणार आहे. मुंबईच्या गिरण्यांपासून सुरुवात करते आणि मग माझ्या बीड जिल्ह्यात येते. ‘एकदम किती दिवस’ हा हिशोब तिथे शरीरावर येऊन थांबतो.

आधी शब्द बघू. इतिहासाच्या अभ्यासात शब्दांकडे नीट पाहिलं की निम्मं काम होतं, हे मला विज्ञानातून इकडे आल्यावर उशिरा कळलं. सुट्टी सगळ्यांना एकाच दिवशी मिळते. रजा ज्याची त्याने मागायची असते, कुणीतरी ती मंजूर करतं. आणि खाडा पडतो. खाडा कुणी मंजूर करत नाही, त्याची फक्त नोंद होते. घराघरात भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहिलेले असतात. ज्या दिवशी दूध आलं नाही त्या दिवशी फुली, महिनाअखेरीला तेवढे पैसे वजा. सुट्टी, रजा आणि खाडा हे तीनही शब्द काम बंद असण्याचेच आहेत, पण तिघांची खाती वेगळी.

सुट्टीचा इतिहास आपल्याला बऱ्यापैकी माहीत असतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केलं, आठवड्याची सुट्टी ही मुख्य मागणी लावून धरली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या कारखाने कायद्यात आठवड्याची सुट्टी आली. स्पर्धा परीक्षेत एवढं पुरतं. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा होता. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं आणि १९४८ पर्यंत तिथेच राहिलं. लोखंड्यांचा रविवार आमच्याकडे त्यांच्या कायद्याने आलेला नाही.

रजेचा इतिहास मात्र कमी सांगितला जातो, कारण तो गुंतागुंतीचा आहे. आठवड्याची सुट्टी म्हणजे एक दिवस. तिथे ‘एकदम किती’ हा प्रश्नच नाही. भरपगारी वार्षिक रजा आली की तो लगेच उभा राहतो. १९३६ साली फ्रान्समध्ये कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने ५२ क्रमांकाचा करार केला. वर्षभर सलग नोकरी केली की किमान सहा कामाचे दिवस पगारासह रजा, असं त्यात आहे. मला यातली एक बारीक अट महत्त्वाची वाटते. हे किमान सहा दिवस तोडायचे नाहीत. त्यापेक्षा जास्त रजा असेल तर वरच्या भागाचे तुकडे करायला देशाचा कायदा परवानगी देऊ शकतो, तीही विशेष परिस्थितीतच. म्हणजे विश्रांतीला एक किमान लांबी असते, एक-एक दिवस सुटा करून दिला तर ती विश्रांती राहत नाही, हे तेव्हा कागदावर मान्य झालं. १९७० च्या १३२ क्रमांकाच्या करारात ही लांबी वाढली. वर्षाला तीन आठवडे, आणि तुकडे केले तरी सहसा एक तुकडा किमान दोन आठवडे सलग.

आपल्याकडे १९४५ ची कारखाने कायद्यातली दुरुस्ती याच विचाराची होती. बारा महिने सलग नोकरी, मग प्रौढ कामगाराला दहा दिवस रजा, आणि हे दहा दिवस ‘सलग’ असा शब्द कायद्यातच आहे. नंतर १९४८ चा कायदा आला आणि १९५४ मध्ये त्यातलं रजेचं प्रकरण नव्याने लिहिलं गेलं. त्यानुसार वर्षात २४० दिवस काम भरावं लागे, म्हणजे दर वीस दिवसांना एक दिवस रजा. २४० भागिले २० बरोबर १२. हे बारा दिवस वर्षात जास्तीत जास्त तीन वेळा घेता येत, आणि अर्ज पंधरा दिवस आधी. तीन वेळांची ही मर्यादा वाचताना दोन बाजूंनी वाचता येते. मालकाला रोज कुणीतरी गैरहजर असणं नको असतं. कामगाराची रजाही एक-एक दिवसाने झिजून जाऊ नये. कायद्याच्या एकाच वाक्यात दोघांचे हेतू राहू शकतात. एखादं कलम कुणाच्या बाजूचं आहे हे घाईने ठरवू नका, असं मी ज्युनियर मुलांना सांगते ते यासाठी.

सलग रजेची गरज मुंबईत कुठून आली? गिरणीतला बराचसा कामगार कोकणातला आणि घाटावरचा. त्याचं घर, शेत, म्हातारे आईबाप गावी. एप्रिल-मेमध्ये लग्नं, मग पेरणीआधीची कामं. या माणसाला महिन्यातून एक दिवस देऊन काय उपयोग? रत्नागिरीला बोटीने जाऊन परत यायलाच ते दिवस गेले असते. त्याला महिना-दीड महिना एकदम हवा असायचा, आणि तो घ्यायचाही, बिनपगारी. परत आल्यावर आपली जागा शिल्लक असेल याची खात्री नसायची. जॉबरची मर्जी सांभाळावी लागे, त्यासाठी हात ओले करावे लागत. १९३५ मध्ये गिरणीमालकांच्या संघटनेने बदली कामगारांना कार्ड देण्याची पद्धत सुरू केली, त्यामागे जॉबरच्या हातातली ही भरती थोडी आवरावी हाही हेतू होता. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या रॉयल कमिशन ऑन लेबरने १९३१ च्या अहवालात याची दखल घेतली. गावाशी असलेला संबंध तोडण्याऐवजी तो नियमित करावा, असं कमिशनचं मत पडलं.

त्या काळच्या अनेक मालकांचं मत वेगळं होतं. हा माणूस मनाने शेतकरीच आहे, गिरणीत त्याचं मन रमत नाही, म्हणून तो पळतो. पुढे मॉरिस डेव्हिड मॉरिस यांनी १९६५ च्या आपल्या पुस्तकात या समजाला आव्हान दिलं. गैरहजेरीचं कारण कामगाराच्या मनात शोधण्याआधी गिरणी त्याला कशा अटींवर ठेवते ते बघा, असा त्या चर्चेचा माझ्यापुरता धडा आहे. हा धडा घेऊनच मी बीडला परतले.

बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखोंच्या संख्येने माणसं ऊसतोडीला जातात. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातले पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, वडवणी, धारूर, केज हे तालुके पावसाच्या बाबतीत कायम कमनशिबी. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, मग पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. ऊस तिकडे आणि तोडणारे हात इकडे. १९७२ च्या दुष्काळानंतर ही वाट अधिकच रुळली. सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूर, नगर आणि पलीकडे कर्नाटकात बेळगावपर्यंत टोळ्या जातात. पट्टा पडला की परत.

भरतीची पद्धत थोडक्यात सांगते. एकक माणूस नाही, कोयता आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. मुकादम हंगामाआधी कोयत्याला उचल देतो. ही आगाऊ रक्कम काही वर्षांपूर्वी पन्नास हजारांच्या आसपास सुरू व्हायची, आता लाखाच्या पुढे जाते. हंगामात तोडलेल्या उसाच्या टनामागे जी मजुरी ठरलेली असते तिच्यातून उचल फिटत जाते. फिटली नाही तर बाकी अंगावर राहते आणि पुढच्या हंगामाला पुन्हा त्याच मुकादमाकडे जावं लागतं. कारखान्याचा या जोडीशी थेट करार नसतो. मध्ये तोडणी-वाहतुकीची यंत्रणा, मग मुकादम, मग कोयता.

इथे रजा नावाची गोष्ट नाही. खाडा आहे. दोघांपैकी एक जण जरी कामावर आला नाही तरी खाडा पडतो. २०१९ च्या सुमारास एका खाड्याचे ५०० रुपये कापले जायचे, हे तेव्हाच्या बातम्यांत आणि चौकशीत पुन्हा पुन्हा आलेलं आहे.

एक माझी चूक सांगते, कारण ती तुमच्या उपयोगाची आहे. सुरुवातीला मी प्रश्नावली केली तेव्हा एक प्रश्न असा होता : ‘गेल्या हंगामात तुम्ही किती दिवस सुट्टी घेतली?’ मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलेली, मला वाटलं याहून सोपा प्रश्न असूच शकत नाही. जवळपास सगळ्या बायकांचं उत्तर एकच. सुट्टी नाहीच. मी शून्य लिहीत गेले. चौथ्या की पाचव्या दिवशी एका मावशींशी चहा पिता पिता बोलताना माझ्या तोंडून सहज ‘खाडे किती पडले’ असं गेलं, आणि त्यांनी महिन्यांसकट आकडा सांगितला. संक्रांतीच्या आधी दोन, पोराला ताप आला तेव्हा तीन, असं सगळं तोंडपाठ. मग आधीच्या सगळ्या घरी पुन्हा जावं लागलं. शून्य ही माहिती नव्हती, माझ्या शब्दाची चूक होती. ज्याचे पैसे कापले गेले त्याला ती सुट्टी कशी म्हणतील?

आता हिशोब मांडू. २०१९ च्या आसपास तोडणीचा दर टनाला २४० रुपयांच्या जवळ होता. चांगल्या उसात एक जोडी दिवसाला साधारण दोन टन तोडते, म्हणजे दोघांची मिळून दिवसाची मजुरी ४८० रुपये. एक दिवस खाडा पडला तर ही मजुरी गेली आणि वर ५०० गेले. एका दिवसाची किंमत ९८०, म्हणजे दोन दिवसांच्या कामाहून थोडी जास्तच. मुंबईच्या गिरणीत बिनपगारी रजेवर गेलेल्या कामगाराचा पगार बुडायचा. इथे पगार बुडून वर दंड. कारखान्याच्या कायद्यात वीस दिवस काम केलं की एक दिवस रजा जमा होते. फडात एक दिवस घेतला की दोन दिवसांचं काम उणे होतं. (नंतर दर वाढले. २०२४ च्या जानेवारीत ३४ टक्के वाढीवर तडजोड झाली. पण हिशोबाचा सांगाडा तोच राहिला.)

पण हे कामगार २४० दिवसांच्या नियमात का बसत नाहीत, असं कुणी विचारेल. एक उत्तर आकड्यातच आहे. गळीत हंगाम चार ते सहा महिन्यांचा. सहा महिने एकही दिवस न चुकता काम केलं तरी १८० दिवस होतात. साठ दिवस कमीच. २०२० च्या नव्या संहितेत हा उंबरठा २४० वरून १८० वर आणला आहे, तरी हंगाम तिथपर्यंत पोचणं कठीण. मला सुरुवातीला वाटलं, सापडलं! आकडाच अडवतोय. मोठ्या उत्साहाने मी ते गाइडना दाखवलं. त्यांनी फक्त विचारलं, मातृत्व लाभाच्या कायद्यात किती दिवस लागतात? मी जाऊन पाहिलं. १९६१ च्या कायद्यात, १९८८ च्या दुरुस्तीनंतर, बाळंतपणाआधीच्या बारा महिन्यांत फक्त ८० दिवस. ऐंशी दिवस तर ऊसतोडणी करणारी बाई सहज भरते. तरीही फडावर बाळंत झालेल्या बाईला भरपगारी रजा मिळाली असं ऐकलंय का? म्हणजे अडचण दिवसांच्या मोजणीत संपत नाही. मूळ अडचण अशी की तिचा मालक कोण, हेच कागदावर ठरत नाही. फड म्हणजे कारखाना नव्हे, मुकादम म्हणजे कारखान्याचा नोकर नव्हे. मोजायला कुणी मस्टरच ठेवत नसेल तर ८० काय आणि २४० काय. माझी आवडती थिअरी एका प्रश्नात गेली. तुमचीही जाईल. तेव्हा वाईट वाटून घेऊ नका.

याच कारखान्याच्या गेटच्या आत मात्र चित्र वेगळं असतं. आतही हंगामी कामगार आहेत. बॉयलर पेटण्यापासून पट्टा पडेपर्यंतच त्यांचंही काम. पण त्यांतल्या अनेकांना बिगरहंगामात रिटेन्शन अलाउन्स मिळतो. पुढच्या हंगामाला हा माणूस पुन्हा यावा म्हणून घरी बसलेल्या काळात पगाराचा काही हिस्सा. पुढच्या हंगामाला कोयताही परत यावाच लागतो. त्याला बिगरहंगामात जे मिळतं त्याचं नाव उचल. काम दोघांचंही हंगामी, गरज दोघांचीही तितकीच. एकाला घरी बसायचे पैसे मिळतात, दुसऱ्याला घरी बसायला कर्ज मिळतं. रजेच्या इतिहासात मला याहून स्पष्ट सीमारेषा सापडलेली नाही, आणि ती एका गेटइतकी रुंद आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. एकदम किती दिवस? ऊसतोडणीतल्या बाईच्या वर्षाचे दोन तुकडे पडतात. हंगामात एक दिवसही परवडत नाही. बिगरहंगामात महिनेच्या महिने असतात, बिनपगारी. मधलं काही नाही. त्यामुळे शरीराच्या ज्या तक्रारींना दोन दिवस आत्ता, एक दिवस पुढच्या आठवड्यात असं हवं असतं, त्या सगळ्या पट्टा पडेपर्यंत ढकलल्या जातात. पाळीचे दिवस, अंगावरून पांढरं जाणं, जंतुसंसर्ग. कोपीत संडास नाही, न्हाणी नाही, पाणी लांबून आणायचं, पहाटे फडात जायचं आणि रात्री कधीही गाडी भरायला उठायचं. डोक्यावर पंचवीस-तीस किलोची मोळी. यातल्या कुठल्याच दुखण्याला चार महिने थांबता येत नाही, पण थांबवलं जातं. मग उन्हाळ्यात गावी आल्यावर डॉक्टरांकडे गेलं की एक सल्ला मिळतो : पिशवी काढून टाका.

एप्रिल २०१९ मध्ये एका इंग्रजी दैनिकाने बीडमधल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी दिली आणि देशभर खळबळ झाली. त्या जूनमध्ये आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितलं की जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ बायकांची गर्भाशयं काढली गेली. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. समितीपुढे आलेल्या सर्वेक्षणात जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार बायकांपैकी १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झालेली होती.

हे दोन आकडे तुम्ही अनेक लेखांत शेजारी शेजारी पाहाल. ते एकाच गोष्टीचे आकडे नाहीत. पहिला आकडा तीन वर्षांत झालेल्या शस्त्रक्रियांचा आहे, जिल्ह्यातल्या सगळ्या बायकांचा. त्यात ऊसतोडीला न जाणाऱ्याही आल्या. दुसरा आकडा आयुष्यात कधीही शस्त्रक्रिया झालेल्यांचा आहे, फक्त ऊसतोड कामगार बायकांमधला. दुसऱ्याचं प्रमाण काढलं तर १६.८ टक्के येतं. याची तुलना राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या फेरीशी केली जाते. त्यात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये देशात ३.२ टक्के आणि महाराष्ट्रात २.६ टक्के असं प्रमाण आहे. वयोगट नीट जुळवून न घेता १६.८ ला २.६ ने भागून ‘सहापट’ लिहिणं मला पटत नाही. कोयता म्हणजे जोडी असल्यामुळे फडातल्या बहुतेक बायका लग्न झालेल्या, मुलं झालेल्या. राज्याच्या आकड्यात मात्र पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीही आहेत. फरक मोठाच निघेल, याबद्दल मला शंका नाही. पण किती मोठा, ते वयानुसार मांडल्याशिवाय म्हणू नये.

आणखी एक गोष्ट खाड्याच्या सरळ उत्तराच्या आड येते. त्याच सर्वेक्षणात आंध्र प्रदेशात हे प्रमाण ८.९ टक्के, तेलंगणात ७.७ आणि बिहारमध्ये ५.४ आहे. तिथल्या या बायका काही मुकादमाची उचल घेऊन सांगलीला जात नाहीत. म्हणजे गर्भाशय सहज काढून टाकण्यामागे खाड्यापलीकडची कारणं आहेत. सरकारी दवाखान्यात स्त्रीरोगतज्ज्ञ नसणं, खासगी दवाखान्यांची कमाई, कॅन्सरची घातलेली भीती, आणि मुलं झाल्यावर ही पिशवी काय कामाची ही सगळ्यांनीच मान्य केलेली समजूत. ‘खाडा चुकवण्यासाठी बायका गर्भाशय काढतात’ हे वाक्य म्हणून मी असंच्या असं लिहीत नाही. त्यात सगळा निर्णय बाईच्या गळ्यात पडतो आणि डॉक्टर, मुकादम, कारखाना तिघेही मोकळे होतात.

मग खाडा काय करतो? माझ्या मते तो पर्यायांच्या किमती बदलतो. महिन्याला तीन खाडे धरले तर पाच महिन्यांच्या हंगामात पंधरा होतात. पंधरा गुणिले ९८० म्हणजे १४,७००. जोडीच्या महिनाभराच्या मजुरीइतके. शिवाय दरवर्षी औषधपाणी वेगळं. याच्यासमोर बिगरहंगामातली एक शस्त्रक्रिया ठेवा. खर्च मोठा, बऱ्याचदा उचलीतून किंवा कर्जातून, पण एकदाच. आणि विश्रांतीचे दिवस फुकट, कारण ते तसेही बिनपगारी. दोन-तीन हंगामांत खर्च निघाला असं वाटावं असं हे गणित आहे. कुणी ते असं कागदावर मांडत नाही, मी मांडलंय. पण उपचार तोडून तोडून घेणं महाग आणि सगळं एकदम उरकणं स्वस्त, ही रचना खाड्याने तयार केलेली आहे. पुढच्या सगळ्या हंगामांतले पाळीचे खाडे एकाच वेळी, एकाच उन्हाळ्यात घेऊन टाकायचे.

गणितात काय धरलेलं नसतं तेही सांगायला हवं. अशा शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवडे जड उचलायचं नसतं. शस्त्रक्रिया उशिरा झाली आणि हंगाम लवकर आला तर ते पाळलं जात नाही. कमी वयात बीजकोषही काढले असतील तर पाळी जाण्याचे सगळे त्रास तिशी-पस्तिशीतच सुरू होतात, हाडं लवकर ठिसूळ होतात. पाठ, गुडघे, चक्कर. मग पुन्हा खाडे. एकदम चुकते केलेले दिवस व्याजासह परत येतात.

ताळा म्हणून दोन नोंदी शेजारी ठेवते. केरळ सरकारच्या सेवेतल्या बाईला गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ४५ दिवसांची भरपगारी विशेष रजा आहे. मातृत्व लाभाच्या केंद्रीय कायद्यात कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेनंतर दोन आठवडे आहेत. दोन्हीकडे दिवस सलगच दिलेले आहेत, कारण शरीर तोडून तोडून भरून येत नाही हे नियम करणाऱ्याला माहीत होतं. २०१९ नंतर बीडमध्ये गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याची अट आली, फडावर जाण्याआधी आणि परतल्यावर तपासण्या करायचं ठरलं. चांगलंच झालं. मात्र यात शस्त्रक्रियेवर लक्ष आहे, खाड्यावर नाही. हंगामात चार दिवस दवाखान्यात जायची सोय आणि त्या चार दिवसांची किंमत, हा प्रश्न जिथे होता तिथेच.

माझं म्हणणं तपासायचं कसं? खाड्याचा परिणाम खरंच वेळेवर होत असेल तर ऊसतोड कामगार बायकांच्या शस्त्रक्रिया पट्टा पडल्यानंतरच्या महिन्यांत गोळा झालेल्या दिसायला हव्यात, आणि त्याच गावांतल्या ऊसतोडीला न जाणाऱ्या बायकांच्या वर्षभर विखुरलेल्या. रुग्णालयाच्या नोंदींतल्या तारखा महिन्यांनुसार मांडल्या तर हे कळेल. दोन्ही गटांचा आलेख सारखाच निघाला तर माझं म्हणणं मागे घ्यावं लागेल. लग्नसराई, पेरणी, उन्हाळ्यात जखम चिघळण्याची भीती, यांनीही तारखा हलतात, तेही धरावं लागेल. सध्या मी याच कामात आहे. परवानग्यांची पत्रं लिहिण्यातच सहा महिने गेलेत.

दुसरी बाजू मुकादमांच्या वह्यांची. मला आत्तापर्यंत पाहायला मिळालेल्या थोड्या वह्यांत खाड्याचा रकाना बहुतेक ठिकाणी आहे. पण उचल नवऱ्याच्या नावावर असते, म्हणून पानावर नाव त्याचं. खाली फुल्या. त्यातली कुठली फुली त्याच्या तापाची, कुठली तिच्या पाळीची आणि कुठली पोराच्या आजारपणाची, हे वही सांगत नाही. गिरणीच्या मस्टरवर निदान कामगाराचं स्वतःचं नाव असायचं. म्हणून वह्या झाल्या की त्याच गावांत परत जाऊन बायकांना एक-एक फुली विचारायची, असं ठरवलंय. त्यांना आठवतं. मावशींनी महिन्यांसकट सांगितलं होतं.

त्यासाठी पुढच्या महिन्यात पंधरा दिवस सलग गावाकडे राहावं लागणार आहे. क्षेत्रकार्य म्हणून की रजा म्हणून, यावर विभागात अजून चर्चा चालू आहे. अर्जात मी पंधराच लिहिलेत.